लिंडेनच्या झाडाचं गाणं: कवीचं, शूबर्टचं की सगळ्या गावाचं?

सांजसावली
नमस्कार मंडळी. सहा वर्षं झाली मी मध्य जर्मनीत एका लहानशा गावात राहतेय. मागच्या वर्षी शेजारच्या आजींनी अक्षरशः हाताला धरून मला गावातल्या कोरमध्ये नेलं. कोर म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचं मंडळ, दर मंगळवारी संध्याकाळी तालीम असते, मी आल्टोमध्ये, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीच्या आवाजांत आहे, पुरुषांचे आवाज कायम कमी पडतात आणि बाहेर बर्फ असला तरी सगळे येतात.

आता वृद्धाश्रमातल्या कार्यक्रमासाठी आम्ही 'आम ब्रुन्नेन फोर डेम टोरे' बसवतोय. वेशीबाहेरच्या पाणवठ्यापाशी लिंडेनचं झाड आहे, त्याच्या सावलीत मी कितीतरी गोड स्वप्नं पाहिली, असं ते सुरू होतं. पहिल्या तालमीला माझ्याशिवाय कुणाच्याही हातात कागद नव्हता, सगळ्यांना तोंडपाठ. ऐंशीच्या घरातले एक काका गाताना डोळे पुसत होते.

मी घरी येऊन मूळ कविता शांतपणे वाचली तर अंगावर काटा आला. प्रेमात हरलेला एकटा माणूस हिवाळ्यातल्या रात्री गाव सोडून चाललाय, ते झाड त्याला हाक मारतंय की इकडे ये गड्या, इथे तुला विसावा मिळेल. हा विसावा मला तरी सरळसरळ मरणाचा वाटतो. मग इतक्या एकट्या माणसाची कविता चाळीस जण मिळून, चार आवाजांत, इतक्या मायेने कसे गातात? गाणं सगळ्यांचं झालं की कवीचं म्हणणं हरवतं का? जर्मन साहित्य, संगीत यात मुरलेले बरेच जण इथे आहेत म्हणून विचारतेय.

खर्जातला_सा
हरवतं. माझं मत स्पष्ट आहे. या कवितेला मूळ चाल दिली संगीतकार शूबर्टने, पण तुम्ही जे गाताय ते त्याचं नाहीये, फ्रीडरिश झिल्शरने केलेलं रूप आहे. शूबर्टने १८२७ मध्ये 'विंटरराइझ' म्हणजे हिवाळ्यातला प्रवास ही २४ गाण्यांची मालिका केली, त्यातलं हे पाचवं. झिल्शर ट्युबिंगनला विद्यापीठात संगीताचा प्रमुख होता, त्याने शूबर्टची पहिली चाल उचलली आणि सगळी कडवी तिच्यातच बसवली.

शूबर्टमध्ये काय होतं बघा. सुरुवातीला पियानोवर पानांची सळसळ, सूर मेजरमध्ये, म्हणजे उजेड आहे. दुसऱ्या भागात तो म्हणतो की आज भर रात्री त्या झाडावरून जावं लागलं, तिथे तीच चाल मायनरमध्ये जाते आणि एका क्षणात सगळं झाकोळतं. मग थंड वारा तोंडावर येतो, टोपी उडून जाते, तो मागे वळत नाही. इथे चालच मोडते, पियानो घोंगावायला लागतो. नंतर पुन्हा ती पहिली मऊ चाल येते, पण आता ती झाडाखाली नाही, कितीतरी तास पुढे चालून गेल्यावर कानात उरलेली आहे. झिल्शरने हे सगळं काढून टाकलं. वारा पण त्याच चालीत, सावली पण त्याच चालीत.

रानहळद
खर्जातला_सा, अहो पण झिल्शरने ते काढलं म्हणून तर खेड्यातला सुतार आणि दूधवाला ते गाऊ शकला ना! शूबर्टचं गायला एक तयार गवई आणि एक पियानोवाला लागतो. झिल्शरचं गायला चार शेजारी पुरतात.

डॉइच_अभ्यासक
या कवितेचं आपल्याशी एक खरंखुरं नातं आहे, ते कुणी सांगायच्या आत सांगतो. कवीचं नाव विल्हेल्म म्युलर, डेसाऊ गावचा, जन्म १७९४. वयाच्या ३३व्या वाढदिवसाच्या आधीच १८२७ मध्ये गेला. शूबर्ट आणि तो कधी भेटलेच नाहीत. तो गेला तेव्हा त्याचा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. तो मुलगा म्हणजे फ्रीडरिश माक्स म्युलर, आपले मॅक्सम्युलर! ऋग्वेदाची सायणभाष्यासह संहिता छापणारे, पहिला खंड १८४९, सहावा १८७४. पुण्यात आपण जिथे जर्मन शिकायला जातो त्या मॅक्सम्युलर भवनाला ज्यांचं नाव आहे, त्यांच्या वडिलांची ही कविता.

शिवाय माक्स हे नावसुद्धा संगीतातून आलंय. संगीतकार वेबर हे घरोब्यातले, त्यांच्या 'फ्रायश्युत्स' या ऑपेराच्या नायकाचं नाव माक्स.

चिंचगूळ
बाप रे! तीन वर्षं त्या इमारतीत ये-जा केली, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आजोळ७४
मी सत्तरच्या दशकात पुण्यात जर्मन शिकलो. आमच्या बाई ही कविता व्याकरणासाठी शिकवायच्या. शेवटची ओळ 'डू फेंडेस्ट रूअ डोर्ट'. आधी झाड म्हणतं 'हिअर फिंड्स्ट डू डायने रू', इथे तुला विसावा मिळतो, साधा वर्तमानकाळ. शेवटी मात्र 'फेंडेस्ट', तिथे तुला विसावा मिळाला असता. बाई फळ्यावर दोन्ही क्रियापदं एकाखाली एक लिहायच्या आणि म्हणायच्या, या दोन शब्दांच्या मधे जे अंतर आहे ना, तेवढं तो माणूस चालून गेलाय. पन्नास वर्षं झाली, मला ते कॉन्युंक्टिव्ह, म्हणजे 'असता'चं रूप, कधी विसरता आलं नाही.

सांजसावली ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. चाल कुणी कितीही सोपी केली तरी 'फेंडेस्ट' त्या गाण्यात तसंच राहिलंय. चाळीस जण गाताना तो शब्द चाळीसही जणांच्या तोंडून जातो.

धुकंधुकं
आजोबा, माझी जर्मनची बी१ पातळीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि कॉन्युंक्टिव्ह दोन डोक्यात जात नव्हतं. आत्ता गेलं. मनापासून धन्यवाद.

चिंचगूळ
एक मूलभूत प्रश्न, हे लिंडेन म्हणजे नक्की कुठलं झाड? माझ्या एका मैत्रिणीने इंग्रजीतून भाषांतर करताना लाइम ट्री वाचलं आणि खुशाल 'लिंबाचं झाड' लिहिलं होतं, प्रियकर लिंबाखाली स्वप्नं बघतोय, काटे टोचत असतील बिचाऱ्याला :)

ओली_माती
लिंबाशी काही संबंध नाही! लिंडेन म्हणजे टिलिया कुळातलं मोठं सावलीचं झाड. पानं बदामाच्या आकाराची, थेट पिंपळाची आठवण येते. जून-जुलैमध्ये फुलतं तेव्हा अख्खा रस्ता मधासारखा घमघमतो. फुलं वाळवून त्याचा चहा करतात, सर्दी-तापात आपल्याकडे काढा देतात तसा. बर्लिनच्या उंटर डेन लिंडेन या रस्त्याचं नाव यावरूनच, लिंडेनखाली. आणि खाली गाडी लावली तर सकाळी काच चिकट झालेली असते, पानांवरच्या माव्यामुळे.

पण खरी गंमत झाडाच्या मानाची आहे. जुन्या खेड्यांमध्ये मधोमध लिंडेन असायचं, डोर्फलिंड, म्हणजे गावाचं लिंडेन. त्याखाली नाच व्हायचा, जत्रेत लोक जमायचे, काही ठिकाणी न्यायनिवाडा पण तिथेच, त्याला गेरिश्ट्सलिंड म्हणायचे. म्हणजे आपल्या गावातला पारच की. तेराव्या शतकाच्या आसपासच्या निबेलुंगांच्या महाकाव्यात झीगफ्रीड ड्रॅगनच्या रक्तात न्हाऊन अभेद्य होतो, पण पाठीवर लिंडेनचं एक पान पडलेलं असतं, तेवढीच जागा कच्ची राहते आणि तिथेच घाव बसतो. आपल्या दुर्योधनाच्या मांडीसारखं.

रानहळद
पार म्हटल्यावर कविता एकदम उलगडली बघा. तो माणूस नुसतं झाड सोडून जात नाहीये, पार सोडून जातोय. जिथे सगळं गाव बसतं ती जागा. वेशीबाहेर पडलेल्याला पाराने हाक मारायची, हे आपल्याकडच्या कुणालाही पोचेल.

परदेशी_पाखरू
मी म्युनिकला आयटीत आहे, कवितेतलं फार कळत नाही. पण या मालिकेतल्या पहिल्याच गाण्याची पहिली ओळ मला पाठ आहे, 'फ्रेम्ड बिन इश आइनगेत्सोगन, फ्रेम्ड त्सी इश वीडर आउस'. परका म्हणून आलो, परकाच निघून चाललो. एका जर्मन सहकाऱ्याने ऐकवली होती, मी त्या दिवशी व्हिसाच्या कागदांसाठी चौथी फेरी मारून आलो होतो, कंटाळलो होतो, आणि हे ऐकून गाडीत बसून राहिलो दहा मिनिटं. दोनशे वर्षांपूर्वी इथल्याच माणसाने इथल्याच भाषेत लिहिलंय हे, त्यालाही त्याच्याच देशात परकं वाटत होतं. तेव्हापासून मला हा देश जरा जवळचा वाटायला लागला, कसं सांगू, उलटंच आहे पण तसं झालं खरं.

सांजसावली
परदेशी_पाखरू, कळलं रे मला. कोरमध्ये माझं नेमकं हेच झालं. इथे शेजारी तीन वर्षं 'झी' म्हणतात, म्हणजे अहो-जाहो. कोरमध्ये पहिल्या दिवसापासून सगळे 'डू'. ऐंशी वर्षांच्या काकांना मी अरे-तुरे करते! आणि कवितेतलं झाडही त्याला 'डू'च म्हणतं.

मध्यलय
ऑस्ट्रियात राहणारी म्हणून एक हरकत नोंदवते: शूबर्ट व्हिएन्नाचा. इथे कुणी त्याला जर्मन म्हटलं की लोक लगेच दुरुस्त करतात. कवी डेसाऊचा, संगीतकार व्हिएन्नाचा, सोपं करणारा श्वाबियातला. तेव्हा जर्मनी नावाचा एक देश नव्हताच, भाषा मात्र एक होती, आणि गाणी सीमा ओलांडून फिरत होती.

आणखी एक. व्हिएन्नामध्ये शूबर्टने ही गाणी मित्रांना पहिल्यांदा गाऊन दाखवली तेव्हा सगळे त्यातल्या उदासीने गप्प झाले. शोबर नावाचा मित्र म्हणाला, मला फक्त लिंडेनबाउम, म्हणजे हे लिंडेनच्या झाडाचं गाणं, आवडलं. शूबर्ट म्हणाला, मला ही गाणी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आवडतात, तुम्हालाही आवडतील. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८२८ मध्ये तो गेला, वय ३१. म्हणजे या गाण्याचं 'सगळ्यांचं' होणं झिल्शरच्या आधीच, त्या खोलीतच सुरू झालं होतं.

खर्जातला_सा
मध्यलय, हा मुद्दा मान्य. पण शोबरला ते आवडलं कारण त्याला त्यात आसरा दिसला. शूबर्टने तो आसरा दाखवून काढून घेतलाय. झिल्शर काढून घेत नाही, माझं भांडण तेवढंच आहे.

जर्मन महाकवी गटेचं उदाहरण घ्या. 'एर्लकोनिश' या त्याच्या कवितेला शूबर्टने १८व्या वर्षी चाल दिली, घोड्याच्या टापा पियानोत, एकच गायक बाप, मुलगा, भूत आणि सांगणारा असे चार आवाज काढतो. १८१६ मध्ये मित्राने शूबर्टच्या गाण्यांचं बाड गटेकडे पाठवलं, ते उत्तर न देताच परत आलं. गटेचा जवळचा संगीतकार त्सेल्टर, ज्याने १८०९ मध्ये बर्लिनला लीडरटाफेल नावाचं गाणाऱ्यांचं मंडळ काढलं. गटेला आवडायचं की चाल साधी असावी, प्रत्येक कडव्याला तीच, म्हणजे शब्द पुढे राहतात. म्हणजे गटे असता तर तुमच्या बाजूने उभा राहिला असता रानहळद, माझ्या नाही.

रानहळद
हे मोठ्या मनाने कबूल केलंत, आभारी आहे!

हातोडी_आणि_छिन्नी
मी सुतारकामाच्या मशिनरीत आहे, कामानिमित्त इथे येणं-जाणं असतं. 'गेझेले' या शब्दाबद्दल सांगायचंय. झाड त्याला 'कोम हेर त्सू मिअर, गेझेले' म्हणतं. गेझेले म्हणजे सोबती हे बरोबर, पण कारागिरांत गेझेले म्हणजे उमेदवारी संपवून हातात कसब आलेला पण अजून उस्ताद न झालेला माणूस. जुन्या रिवाजाप्रमाणे असा गडी तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव काम करत फिरतो, त्याला वाल्त्स म्हणतात. या काळात त्याने स्वतःच्या गावाच्या ५० किलोमीटरच्या आत पाऊल ठेवायचं नाही. आजही असे पोरं-पोरी दिसतात, काळी कॉर्डरॉयची रुंद पायांची पँट, जाकीट, हॅट आणि वेडीवाकडी काठी. मला फ्रायबुर्ग स्टेशनवर एक भेटला होता, सुतार होता, माझ्याकडून कॉफी घेतली आणि बदल्यात माझ्या बॅगेचं तुटलेलं हँडल तिथेच बसून दुरुस्त करून दिलं.

तर ज्याला घरी परतायची मनाई आहे अशा माणसाला झाड म्हणतंय, ये, बस. हे माहीत असलं की त्या ओळीचं वजन वाढतं.

ओली_माती
काय सुंदर सांगितलंत! गेझेलेचा हा अर्थ मी कधी लावलाच नव्हता.

परदेशी_पाखरू
मंडळी विषय जरा बदलतो, पण ही सगळी जुनी गाणी. आजची जर्मन पोरं काय एकत्र गातात? मी तर ऑफिसात कुणाला गुणगुणतानाही ऐकलं नाही.

पिवळी_भिंत
फुटबॉलला जा रे! बोखुमच्या स्टेडियममध्ये सामन्याआधी गायक ग्रोनेमायरचं १९८४चं 'बोखुम' सगळं स्टेडियम गातं. कोळशाच्या खाणींचं, धुळीचं, राखाडी गावाचं गाणं, सुंदर नाहीस तू पण माझं आहेस अशा भावाचं. शेजारचा अनोळखी माणूस गळ्यात हात टाकून गात होता, मला तेव्हा अर्धे शब्द कळत नव्हते.

लेकुरवाळी
आणि लहान मुलं! ११ नोव्हेंबरला सांक्ट मार्टिनचा दिवस, अंधार पडल्यावर सगळी पोरं बालवाडीत केलेले कागदी कंदील घेऊन गात निघतात, 'इश गे मिट माइनर लाटेर्ने'. माझी लेक चार वर्षांची, तिला आईबाबांशी मराठीच बोलायचं असतं, पण कंदिलाची गाणी जर्मनमध्येच. 'आले फोगेल झिंट शोन डा' हे पक्ष्यांचं गाणं पण येतं तिला. त्याचा कवी होफमान फोन फालर्सलेबेन, आणि त्यानेच १८४१ मध्ये हेल्गोलांड बेटावर जर्मनीच्या राष्ट्रगीताचे शब्द लिहिलेत, हे मला तिच्या बालवाडीतल्या बाईंनी सांगितलं.

आजोळ७४
आणि त्या राष्ट्रगीताची चाल हायडनची, १७९७ ची, ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी केलेली. मध्यलय बाईंचा मुद्दा इथे पण लागू. आज तिसरंच कडवं गायलं जातं, एकता, न्याय, स्वातंत्र्य यांचं. पहिल्या कडव्याचं नात्सींनी जे केलं त्यानंतर ते गाणं शक्यच नव्हतं. गाणं सगळ्यांचं झालं की वाईट माणसांचंही होऊ शकतं, हे विसरून चालणार नाही.

सांजसावली
आजोबा, तुम्ही हे लिहिलंत म्हणून सांगते. परवा आमच्या कोरच्या कपाटातली जुनी इतिवृत्ताची वही बघायला मिळाली. १९३३ च्या पानापासून अक्षर बदलतं, भाषा बदलते, कार्यक्रमांची यादी बदलते. लिंडेनबाउम मात्र आधीही आहे, मधेही आहे, नंतरही आहे. कोरमधल्या एक बाई, साधारण पंचाहत्तरीच्या, मला म्हणाल्या की आम्ही तरुण असताना ही गाणी गायची लाज वाटायची, कारण ती कुणीकुणी गायलीत ते आम्हाला माहीत होतं. मी पन्नाशीत परत गायला लागले. मला त्यावर काय बोलावं ते कळेना.

डॉइच_अभ्यासक
त्या बाईंच्या पिढीत हे फार जणांचं झालं. कामगारांच्या गायन मंडळांवर तर १९३३ मध्येच बंदी आली होती. आणि त्याच काळातली दुसरी बाजू: नात्सींविरुद्ध पत्रकं वाटणारी विद्यार्थिनी सोफी शोल, तिच्या वडिलांना १९४२ मध्ये हिटलरविरुद्ध बोलले म्हणून तुरुंगात टाकलं, तेव्हा ती संध्याकाळी उल्मच्या तुरुंगाच्या भिंतीशी उभी राहून बासरीवर 'डी गेडांकन झिंट फ्राय' वाजवायची. विचार मुक्त असतात, हे जुनं लोकगीत. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिला म्युनिकमध्ये मारलं, वय २१. लोकगीत तिच्याही हातात होतं.

लिंडेनबाउमबद्दल हीच शंका कादंबरीकार थॉमस मानला १९२४ मध्येच आली होती. त्याच्या 'त्साउबरबेर्ग' या कादंबरीत नायक हान्स कास्टोर्प डाव्होसच्या आरोग्यधामात ग्रामोफोनवर हे गाणं परत परत ऐकतो, आणि लेखक विचारतो की या इतक्या निर्मळ गाण्याच्या मागे कुठलं जग उभं आहे, तर मरण. कादंबरीच्या शेवटी पहिल्या महायुद्धाच्या चिखलात, गोळ्यांत, तोच पोरगा नकळत हेच गाणं पुटपुटत पुढे जातो आणि धुरात दिसेनासा होतो. सांजसावली, तुम्हाला वाचताना जो काटा आला तो त्यालाही आला होता.

धुकंधुकं
हा धागा वाचून मी सगळं विंटरराइझ एका बैठकीत ऐकलं. लोक म्हणतात जर्मन कर्कश भाषा, मला पण वाटायचं, सिनेमात फक्त ओरडणारे अधिकारी ऐकलेले. 'राउशन' हा एक शब्द घ्या ना, झाडाच्या फांद्या राउशन करतात. आपली सळसळ जशी आहे तसाच.

लेकुरवाळी
२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउनमध्ये इथे संध्याकाळी सात वाजता लोक बाल्कनीत येऊन 'डेअर मोंड इस्ट आउफगेगांगन' गायचे, चंद्र उगवला. क्लाउडिउस नावाच्या कवीची १७७९ ची कविता. मी तेव्हा बाळंतीण होते, आई भारतात अडकलेली. शेवटच्या ओळीत तो देवाला म्हणतो, आम्हाला शांत झोप लागू दे, आणि आमच्या आजारी शेजाऱ्यालाही. समोरच्या इमारतीतले आजोबा तेव्हा दवाखान्यात होते. त्या ओळीला सगळ्यांचे आवाज खाली यायचे.

सांजसावली
कालच कार्यक्रम झाला, सांगायला आलेय.

खर्जातला_सा यांचं म्हणणं मी तालमीत आमच्या संचालकांना सांगितलं होतं. ते हसले नाहीत, मान डोलावली. मग असं ठरलं की आम्ही झिल्शरचं गायचं, आणि लगेच त्यानंतर संगीत शिकणारा एक मुलगा पियानोवर शूबर्टचं मूळ गाईल.

आम्ही सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीपासून सगळा हॉल गायला लागला. पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत एक आजी होत्या, तिथल्या ताई म्हणाल्या की त्यांना मुलीचं नावही आठवत नाही आता. त्यांनी तिन्ही कडवी गायली, एक शब्द चुकला नाही. मग त्या मुलाने शूबर्टचं सुरू केलं. आजी त्याच्याबरोबरही गायला लागल्या, चाल तीच ना. मायनरचा भाग आला तिथे त्या थांबल्या. ओठ मिटले, डोळेही मिटले. कवितेतही तिथेच तो म्हणतो की अंधारातसुद्धा मी डोळे मिटून घेतले. वाऱ्याच्या भागात त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. आणि पहिली चाल परत आल्यावर त्या पुन्हा गायला लागल्या, अगदी हळू, शेवटच्या 'फेंडेस्ट'पर्यंत.

मला वाटतं त्या आजींना दोन्ही गाणी माहीत होती, आणि मघापासून आपण भांडतोय त्यापेक्षा जास्त माहीत होती.

खर्जातला_सा
वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. झिल्शरबद्दलचे माझे शब्द मागे घेतो. ती चाल त्या आजींच्यात आधीपासून नसती तर मायनरला त्या थांबल्या नसत्या.

आजोळ७४
आमच्या बाई असत्या तर त्यांना हे पत्राने कळवलं असतं.

रानहळद
ताई, रेकॉर्डिंग आहे का? आणि पुढे काय बसवताय?

सांजसावली
रेकॉर्डिंग नाही गं, तिथे परवानगी नव्हती आणि तेच बरं. मंगळवारपासून चंद्राचं गाणं, लेकुरवाळीचा प्रतिसाद मी भाषांतर करून कोरमध्ये वाचून दाखवला होता.

लेकुरवाळी
आमच्या गावातही कोर आहे, दाराशी दोनदा जाऊन परत आलेय. आल्टोच्या नोट्स असतील तर पाठव, घरी जरा बसवून बघते आणि मग जाते.